गुग्गुळाची नर झाडे जपा

महोदय,

त्रिफळा गुग्गुळ, योगराज गुग्गुळ ही नावे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत. धुपाटण्यातल्या निखाऱ्यावरही गुग्गुळाचा खडा पडतोच. ज्या काटेरी झुडपाचा हा डिंक, ते वाढते कच्छ, बाडमेर, जैसलमेर आणि पलीकडे सिंधच्या खडकाळ माळावर. आज ते जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदलेले आहे. डिंकासाठी साल खोलवर चिरतात आणि झाड वाळून जाते, हे कारण सगळेच सांगतात. दुसरे कारण त्याच्या बियांत आहे, त्यासाठी हे पत्र.

मी आयुष्यभर पेशीशास्त्र शिकवले. कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून, काच अंगठ्याने हलकेच दाबून 16 गुणसूत्रे मोजणे वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने केलेले असते. गुग्गुळात ती 26, आणि इतकी बारकी की नजर जरा ढळली तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. मुळातली निदान दिसतात तरी. परागकण तयार होताना त्यांच्या जोड्या कशा जुळतात हे पाहायचे तर नर फुलाची कोवळी कळी हवी, आणि गुग्गुळाची नर झाडे शोधूनही क्वचितच सापडतात.

1996 साली दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की मादी झाड परागाशिवायच बी धरते. गर्भ आईच्याच पेशींतून तयार होतो. कधी एकाच बीत एकाहून अधिक गर्भ असतात. 26 गुणसूत्रे जशीच्या तशी पुढे जातात, सरमिसळ होत नाही. नराची वाट न पाहता उजाड माळावर वंश टिकवण्याची ही सोय मोठीच! पण उत्क्रांतीला लागते ते वैविध्य तिच्यातून मिळत नाही. उद्या नवी कीड आली, तर जे एका झाडाला बाधेल तेच त्याच्या सगळ्या लेकींना बाधेल.

म्हणून लागवडीची काळजी वाटते. फांद्या लावून रोपे करणे सोपे, पण दोन-चार माद्यांपासून लाख रोपे केली तरी ती त्या दोन-चार झाडांचीच. सगळ्यांत गुणसूत्रे 26च भरणार, त्यामुळे नुसत्या मोजणीने हा सारखेपणा कळत नाही. डीएनए तपासावा लागतो. नर झाड दिसेल तिथे त्याची नोंद व्हावी, त्याला चिरा पाडू नयेत, त्याच्या फांद्या प्रत्येक रोपवाटिकेत पोहोचाव्यात. गुग्गुळ विकत घेणाऱ्या आपल्या राज्यातील आयुर्वेदिक औषध कारखान्यांनी या कामाच्या खर्चात वाटा उचलावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा