मार्गशीर्षात किनाऱ्याने गोव्याला

ठाणे, कार्तिक वद्य द्वितीया

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. रोज दोनशे किलोमीटर मारले तर तीन दिवसांत पणजी, हा तुझा हिशेब महामार्गावर बरोबर आहे. पण आपण दोघं दोन मोटरसायकलींवर जाणार सागरी रस्त्याने, आणि तिथे दिवसाचा हिशेब खाड्यांवर लागतो. दाभोळचंच बघ. धक्क्यावरून समोरचं धोपावे दिसतं. फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे, आणि तिथून गुहागर अगदी जवळ. बोट चुकली तर दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर गाठायला सव्वाशे किलोमीटरच्या वर वळसा पडतो. म्हणून सहा दिवस धर आणि रजा तशी टाक. पाचव्या दिवसापासून घाई करावी लागली तर मालवण-वेंगुर्ल्याचा सगळ्यात सुंदर पट्टा नुसता गाडीवरून बघितल्यासारखा होईल.

मार्ग असा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने, मांडवा, साधारण तासाचा प्रवास. गाडीचं तिकीट आधी काढून ठेवायचं आणि अर्धा तास आधी धक्क्यावर पोचायचं. मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांड्याला खाडीतली पहिली बोट, पलीकडे दिघी, मुक्काम दिवेआगरला. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. तिसऱ्या दिवशी दाभोळ-धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी आणि तवसाळ-जयगड ही चौथी बोट, मुक्काम गणपतीपुळे. पुढे आरे-वारे, रत्नागिरी, पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड. तिथे पूल आहेत, बोट नाही. पाचवा दिवस कुणकेश्वर, आचरा, मालवण. सहावा वेंगुर्ले, शिरोडा, रेडी आणि तेरेखोल.

आता तारीख. मी मार्गशीर्ष शुद्ध पंचमी धरली आहे, आणि कारण भरती-ओहोटीचं आहे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब तुलाही पाठ असू दे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दिवसाही आणि रात्रीही. त्यात सहा तास आणि वर दहा-पंधरा मिनिटं मिळवली की ओहोटी. दक्षिणेकडे सरकू तशी भरती थोडी लवकर लागते, तेवढी सूट ठेवायची.

हे आपल्या दिवसांना लावून बघ. दुसऱ्या दिवशी षष्ठी, भरती साडेचारला, म्हणजे सूट धरून सकाळी सव्वादहा-साडेदहाला पूर्ण ओहोटी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून, समुद्राला लागून आहे आणि ती ओहोटीतच करता येते. भरतीत लाट वाटेवर येते आणि माणसं ओढली जातात. सकाळी साडेनऊला आपण तिथे असलो की निवांत होईल. हेदवीची बामणघळ याच्या उलट. खडकाच्या चिरेत पाणी शिरून वर उसळतं ते भरतीलाच. तिसऱ्या दिवशी सप्तमी, भरती सव्वापाचला, आपण चारच्या सुमाराला तिथे. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असल्यामुळे उसळी उधाणाइतकी उंच नसेल, हे मान्य करूनच जाऊ.

उधाणाचे दिवस मुद्दाम टाळलेत, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला पाणी फार खाली जातं आणि धक्क्याचा उतार खालपर्यंत उघडा पडतो. तो खालचा भाग रोज पाण्याखाली असतो, त्याच्यावर काळपट हिरवं शेवाळ धरलेलं असतं. दुचाकी पडते ती बहुधा इथेच. उतरताना गाडी नाकासमोर सरळ ठेव, तिरकी घालू नकोस. पहिला गिअर, अर्धा क्लच, दोन्ही पाय जमिनीजवळ. पुढचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही, कारण शेवाळावर पुढचं चाक अडलं की ते बाजूला निसटतं आणि गाडी सावरत नाही. लागलाच तर मागचा, हळू. बोटीची लोखंडी फळी आणि उतार यांच्यात चार बोटांची पायरी असते. ती चढताना थांबायचं नाही, एका दमात घ्यायची. खलाशी हात करेपर्यंत मात्र पुढे जायचं नाही. बोटीवर इंजिन बंद, पहिला गिअर घातलेला, साइड स्टँड, आणि आपण गाडीजवळ उभं. मधल्या स्टँडवर लावलीस तर मागचं चाक हवेत राहतं, गिअरचा काही उपयोग होत नाही, आणि बोट डुलली की गाडी स्टँडवरून उतरते.

दशमीला तेरेखोलच्या खाडीत ओहोटी दुपारी एकच्या पुढेमागे येते आणि ओहोटीत केरीची फेरी थांबू शकते. तेव्हा रेडीला जेवून चारनंतर जाऊ, नाहीतर आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून गोव्यात शिरू. बाकी सगळ्या बोटींच्या वेळा आदल्या संध्याकाळी फोन करून विचारायच्या. रविवारी आणि सुटीच्या दिवशी चारचाक्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. दुचाकी कडेने पुढे घेतात, तरी तासभर हातात ठेवू.

नकाशाबद्दल एक महत्त्वाचं. मोबाइलमध्ये 'फेरी टाळा' हा पर्याय चालू असेल तर तो आपल्याला बागमांडल्याऐवजी आंबेत-म्हाप्रळच्या वळशाने पाठवील. तो बंद कर, आणि रायगडपासून सिंधुदुर्गपर्यंतचा नकाशा आधीच उतरवून ठेव. खाडीच्या उतारांवर रेंज जाते. त्याच कारणाने धक्क्यावर मोबाइलने पैसे जातीलच असं नाही, म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटा वरच्या खिशात हव्यात. खर्चाचा डबा एकच: दोघांनी सारखी रक्कम टाकायची आणि पेट्रोल, तिकिटं, जेवण त्यातूनच.

गाडीचं काम आता या आठवड्यात करून घे. ऑइल बदलून सर्व्हिसिंग झाल्यावर निदान तीनशे किलोमीटर चालव. सैल राहिलेला नट, नीट न बसलेली ब्रेक शू, गळणारं पॅकिंग हे सगळं त्या तीनशेत दिसून येतं. निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग केलं तर ते आगरदांड्यात दिसेल. चेन खालच्या बाजूला मध्यभागी बोटाने वरखाली करून बघ, साधारण 25 ते 30 मिलिमीटर ढील हवी. नेमका आकडा तुझ्या मॅन्युअलमधला घे. चाक फिरवत चार ठिकाणी बघ आणि सगळ्यात घट्ट जागेवर मोज. सामान चढलं की मागचा भाग दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच घट्ट ठेवली असेल तर स्प्रॉकेट आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग दोन्ही झिजतात. चेनला ल्यूब संध्याकाळी, मुक्कामाला पोचल्या पोचल्या, ती गरम असताना मारायचं. रात्रभरात ते कड्यांत मुरतं. सकाळी मारलेलं पहिल्या दहा किलोमीटरांत रिमवर उडतं. खाऱ्या हवेत चेन दोन दिवसांत लाल पडते, म्हणून हे रोजचं काम. आधी गोड्या पाण्याने गाडी धुवायची. पुळणीवर मात्र गाडी घालायची नाही, कितीही घट्ट दिसली तरी. ओली वाळू चेनमध्ये बसली की कानसीसारखी काम करते.

तुझ्या गाडीला स्पोकची चाकं, म्हणजे आत ट्यूब. पुढची-मागची एकेक ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि हातपंप तुझ्याकडे. माझी ट्यूबलेस, तिचा प्लगचा संच माझ्याकडे. क्लच केबल नवी घेऊन जुन्या केबलच्या कडेकडेने आत्ताच टेपने बांधून टाक. तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची, टाकी काढावी लागणार नाही. शिवाय स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, फ्यूज, चेनची जोडकडी, एमसील, प्लॅस्टिकच्या पट्ट्या. दोन्ही बाजूंच्या बॅगांचं वजन सारखं, जड वस्तू तळाला, आणि सायलेन्सरच्या बाजूची बॅग त्याला टेकत नाही ना ते बघ. मागच्या टायरची हवा सामानासकट किती ते चेन गार्डवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पेट्रोल टाकी अर्ध्यावर आली की भरायचं, पुढचा पंप किती लांब याची वाट बघायची नाही.

रस्ता अरुंद, वाड्यांच्या गडग्यांमधून जाणारा. वळणावर जांभ्याची बारीक खडी साचलेली असते, ती गोट्यांसारखी घरंगळते. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न, कारण समोरून एसटी येते तेव्हा रस्ता तिचाच असतो. फाट्याचा नियम आपण पक्का ठरवू: पुढे असेल त्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि मागच्याचा दिवा दिसल्याशिवाय निघायचं नाही. आरशात बघत चालवायचं नाही, फोन करत बसायचं नाही. दर दोन तासांनी पुढचा-मागचा बदलू. मागचा कायम त्याच्या वेगापेक्षा जास्त पळवत असतो आणि तिसऱ्या दिवशी त्याचा राग निघतो. सहा वाजता अंधार पडतो, साडेपाचला मुक्काम.

जेवणाचं सांगतो. घरगुती खाणावळीत निदान दोन-तीन तास आधी फोन करून किती ताटं ते सांगावं लागतं, कारण मासळी त्या हिशेबाने आणतात. आणि मार्गशीर्षातला गुरुवार आपल्या सहा दिवसांत येतोच. त्या दिवशी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. वालाचं बिरडं, घावणे आणि सोलकढी मिळाली तर तक्रार करायची नाही.

अजून अठरा दिवस आहेत. तुझ्या गाडीचं मॉडेल आणि साल मला लगेच कळव, म्हणजे केबल आणि ट्यूबा इथूनच घेऊन ठेवतो. चतुर्थीला संध्याकाळपर्यंत ठाण्याला ये. दोन्ही गाड्या शेजारी लावून सामान चढवू, आणि काय जास्तीचं झालंय ते काढून घरीच ठेवू.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद