बाई, तुम्ही चष्मा काढून ठेवलात तेव्हा

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण माझा पाणउतारा चारचौघांत झाला होता, म्हणून आभारही चारचौघांतच मानायचे असं ठरवलं. तुमचं नाव लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही हे माहीत आहे.

पुण्यातल्या त्या इंग्रजीच्या क्लासचंही नाव लिहीत नाही. आईनं पाटल्या मोडून तिथली फी भरली होती. सरांचं इंग्रजी अस्खलित होतं, त्यात शंका नाही. पण मी वाक्य सुरू केलं की तिसऱ्या शब्दालाच ते हिसकावून घ्यायचे आणि स्वतःच पुरं करायचे. एकदा मी म्हटलं, 'ही इज सफरिंग फ्रॉम लास्ट थ्री डेज.' सरांनी ते वाक्य माझ्याच हेलात सगळ्या बॅचला म्हणून दाखवलं. सगळ्या हसल्या. त्यातल्या निम्म्या माझ्यासारख्याच मराठी माध्यमातल्या होत्या. हसल्या नसत्या तर पुढची पाळी त्यांची आली असती. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, आमची तुकडी त्याआधीची. एबीसीडी पाचवीत गिरवली आणि दहावीचा पेपर गाइडमधली उत्तरं पाठ करून काढला. दहा वर्षं वॉर्डात काढली, सलाइन लावताना माझा हात कधी थरथरला नाही. त्या वर्गात मात्र तोंड उघडायच्या आधीच घशाला कोरड पडायची. ओईटीत, म्हणजे इंग्लंडमध्ये नर्स म्हणून जायला मी देत होते त्या इंग्रजीच्या परीक्षेत, बोलण्याला ३५० गुण लागतात. मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा त्याच्या आतच राहिले.

तुमच्याकडे मी शिकायला आलेच नव्हते. तुमच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला यायची. दुसऱ्या निकालाच्या दिवशी मी गप्प होते, तेव्हा तुम्ही विचारलंत, 'आज काय झालं गं?' मी सगळं सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही आयुष्यभर इंग्रजी शिकवलंत, हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं, आता ग्रामर येणार. तुम्ही म्हणालात, 'उद्या ड्रेसिंग झाल्यावर अर्धा तास थांब.'

दुसऱ्या दिवशी तुम्ही कॉटवर आडव्या झालात. 'मी पेशंट. उद्या माझं ऑपरेशन आहे. रात्री बारानंतर काही खायचं नाही, ते मला समजावून सांग. आधी मराठीत.' मराठीत मी भराभर सांगितलं. 'काकू, पोटात अन्न असलं आणि भुलीत उलटी झाली तर ते फुप्फुसात जायची भीती असते, म्हणून उपाशी राहायचं बरं का.' मग तुम्ही म्हणालात, 'आता हेच इंग्रजीत.'

आणि तुम्ही चष्मा काढलात. घडी करून छातीवर ठेवलात आणि डोळे मिटलेत.

बाई, माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती. तोवर मी इंग्रजी बोलायला लागले की समोरच्याची नजर माझ्या ओठांवर असायची, चूक कधी निसटते याची वाट बघत. तुम्ही ती नजरच बाजूला ठेवलीत. 'इफ देअर इज फूड इन युअर स्टमक' इथवर आले आणि अडकले. अॅस्पिरेशन हा शब्द येत होता, पण तो पेशंटला कळत नाही, आणि साधे शब्द सापडत नव्हते. शेजारच्या घरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. तुमच्या श्वासाबरोबर चष्मा वरखाली होत होता. तुम्ही शब्द पुरवला नाहीत, 'हं' सुद्धा म्हणाला नाहीत. मग माझ्या तोंडून आलं, 'इट कॅन गो इनटु युअर लंग्ज.' तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, 'बाप रे, मग नाही खाणार.' मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. खरं तर डोळे पुसायला गेले होते.

पुढं कुठंतरी वाचनात आलं की मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांतली शांतता मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तुम्ही माझ्यासाठी दोन शिट्ट्या थांबलात.

चुका तुम्ही सोडल्या नाहीत, पण त्या नंतर सांगायचात, चहा घेताना. 'मराठीत तू जरा म्हणतेस, बरं का म्हणतेस. इंग्रजी बोलताना ते कुठं जातं? रेज युअर आर्म म्हणजे नुसता हुकूम झाला. कुड यू, जस्ट, फॉर मी, हे तुझं जरा आणि बरं का.' माझ्या मराठीत जे चांगलं होतं ते तुम्ही पुसायला लावलं नाहीत, तिकडं न्यायला लावलंत.

आणि ते हो-नाही! 'यू हॅवन्ट ईटन एनीथिंग सिन्स मिडनाइट?' असं पेशंट झालेल्या मला तुम्ही विचारलंत, आणि मी म्हटलं, 'येस.' आपल्याकडे 'काही खाल्लं नाही ना?' ला 'हो' म्हणजे 'बरोबर, नाही खाल्लं'. तिकडं येस म्हणजे खाल्लं. तुम्ही कप खाली ठेवलात. 'हे व्याकरण नाही गं, हे पेशंटच्या जिवावरचं आहे.' दहा वर्षांत असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी कुणाच्याही येसवर थांबत नाही. शेवटचं कधी खाल्लं आणि काय खाल्लं, तेच विचारते.

दुखण्याच्या शब्दांची वही अजून माझ्या बॅगेत आहे. डावीकडे माझे शब्द, ठणका, चमक, भगभग, मुरडा. उजवीकडे थ्रॉबिंग, शूटिंग, बर्निंग, क्रॅम्प्स. 'सलतंय'पुढची जागा तुम्ही रिकामी सोडलीत. 'याला नेमका शब्द मला येत नाही, तुला तिकडं सापडला तर कळव,' म्हणालात. शिक्षकानं येत नाही म्हणणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही फी घेतली नाहीत, ड्रेसिंगचे पैसे मात्र रोज हातावर ठेवलेत. 'ते तुझ्या कामाचे.' माणसाला माणसासारखं वागवायला फार काही लागत नाही, बाई. तरी ते इतकं कमी ठिकाणी का मिळतं?

तिसऱ्या वेळी परीक्षेत मी अडकले. समोर पेशंट झालेली व्यक्ती गुण देत नाही, गुण देणारे नंतर रेकॉर्डिंग ऐकतात. तरी एरवी मी घाबरलेच असते. त्या दिवशी मनातल्या मनात कुकरची शिट्टी ऐकली आणि थांबले. शब्द आला. निकालात ३७० होते.

इथं इंग्लंडमध्ये माझ्या वॉर्डात पक्षाघाताचे एक आजोबा आहेत. समजतं सगळं, शब्द सापडत नाही. गेल्या मंगळवारी ते हात हलवत काहीतरी सांगत होते. सोबतची मुलगी भराभर विचारत होती, 'वॉटर? ब्लँकेट? टॉयलेट?' आणि ते चिडत होते. मी तिला खुणेनं थांबवलं, खुर्ची ओढून बसले आणि त्यांच्या तोंडाकडे न बघता पांघरूण नीट करत राहिले. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, 'विंडो.' मी खिडकी उघडली.

'सलतंय'ला शब्द अजून सापडलेला नाही. शोधतेय.

जखम पुन्हा ओली दिसली तर अंगावर काढू नका, लगेच दाखवा. मला फोटो पाठवा, रात्री कितीही वाजले असले तरी.

तुमची,
ड्रेसिंगवाली सिस्टर