मालिका म्हणजे धून नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गच्या ‘व्हेरिएशन्स फॉर ऑर्केस्ट्रा’वर (ओपस 31; व्हेरिएशन म्हणजे एकाच धूनचं बदललेलं रूप) लेख आला, याचा मनापासून आनंद झाला. मात्र ‘हा आकड्यांचा खेळ, कानाला धरायला यात काही नाही’ हे मत पटलं नाही. लेखात बारा स्वरांची मालिका (सप्तकातले बाराही स्वर ठरावीक क्रमानं, एकेकदा) आणि धून एकच धरली आहे, गफलत तिथेच झाली.

मालिका पेटीवर वाजवून पाहता येते. काळी पाच, पांढरी तीन, काळी तीन, काळी दोन, पांढरी चार, पांढरी सहा. मग पांढरी दोन, काळी एक, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सात, पांढरी एक. यात षड्ज कुठलाच ठरत नाही. हा कच्चा माल. लय, सप्तक आणि दम घ्यायच्या जागा मिळाल्यावर त्याची धून होते. ती 24 बारांची (आवर्तनासारख्या छोट्या भागांची) आहे आणि चेलोवर सुरू होते. पहिल्या बारा स्वरांचे 5, 4 आणि 3 असे तुकडे पडतात; साथीचे स्वरमेळही (एकदम वाजणारे स्वर) तितक्याच स्वरांचे. ही साथ मालिकेच्या आरशातल्या रूपातून (मुळात चढ तिथे तितकाच उतार) घेतली आहे, पांढरी पाचपासून. मुळात दुसऱ्या स्वरावरून तिसऱ्यावर जाताना पांढरी तीनवरून काळी तीनवर, म्हणजे दोन अर्धस्वर वर जायचं, तर इथे काळी एकवरून पांढरी सातवर, दोन अर्धस्वर खाली. मूळ मालिकेच्या पहिल्या अर्ध्यात नसलेले सहाही स्वर या रूपाच्या पहिल्या अर्ध्यात मिळतात. ही जुळणी मोठी सुबक आहे.

‘एकदा घेतलेला स्वर बारा पूर्ण होईपर्यंत वर्ज्य’ हेही तितकंसं खरं नाही. तोच स्वर लगेच पुन्हा घेतलेला चालतो. शिवाय मालिकेची दोन-तीन रूपं एकाच वेळी चालू असतात.

रचनेत प्रस्तावना, धून, नऊ व्हेरिएशन आणि फिनाले (शेवटचा भाग) आहे. धून हरवते ती बहुधा वादनात. चौथं व्हेरिएशन वॉल्ट्झच्या (तीन मात्रांच्या नाचाच्या) चालीचं. तिथे धून हार्प, चेलेस्टा आणि मँडोलिनकडे जाते. तिन्ही वाद्यं नाजूक. बाकीची वाद्यं जराशी चढली, की ऐकणाऱ्याला नुसता वॉल्ट्झ ऐकू येतो आणि ‘धून कुठे आहे?’ असं वाटतं. म्हणूनच शोनबर्ग मुख्य आवाजाला स्वरलिपीत वेगळी खूण करतो. ती पाळणं कंडक्टरच्या हाती.

पहिला प्रयोग 2 डिसेंबर 1928 रोजी बर्लिनमध्ये कंडक्टर फुर्टवेंगलर यांनी केला, तेव्हा सभागृहात गोंधळ झाला. 1931 मध्ये शोनबर्गनं फ्रँकफर्ट रेडिओवर याच रचनेवर व्याख्यान दिलं.

वाचकांनी आधी धूनच तीन-चारदा ऐकावी, चेलो गुणगुणता येईपर्यंत. मग प्रस्तावनेकडे परतावं. तिथे ट्रॉम्बोनवर काळी पाच, पांढरी सहा, पांढरी एक, पांढरी सात हे चार स्वर येतात. जर्मन स्वरनावांत त्यांचं B-A-C-H, म्हणजे ‘बाख’ (संगीतकार योहान सेबास्टियन बाखचं आडनाव) होतं. हेच चार स्वर फिनालेत पुन्हा भेटतात, आणि तिथे ते ओळखायला कुणाची मदत लागत नाही.

– एक वाचक, पुणे