हात लावता येईल असं नाताळचं झाड : वसईतल्या बालवाड्यांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या नाताळात आमच्या भागातल्या एका बालवाडीत ख्रिसमस ट्री उभारला होता. प्लॅस्टिकचं हिरवं झाड, त्यावर काचेचे चकाकते गोळे. पहिल्याच दिवशी साडेतीन वर्षांच्या एका मुलीनं गोळा ओढला, तो फुटला आणि तिच्या बोटाला काच लागली. जखम लहानशीच होती, पण दुसऱ्या दिवसापासून झाडाभोवती दोरी आली. मग नाताळपर्यंत ती सगळी चिमुरडी दोरीच्या अलीकडे उभी राहून झाड नुसतं बघत राहिली. आमच्या महिला मंडळाच्या दोघीजणी तिथे खाऊ वाटायला गेल्या होत्या. त्यांना ते बघवलं नाही आणि आम्हाला ते ऐकवलं नाही.

म्हणून यंदा आम्ही वसईतल्या १५ बालवाड्यांसाठी फेल्टची, म्हणजे जाडसर मऊ कापडाची, झाडं शिवायला घेतली आहेत. भिंतीवर मुलांच्या हाताच्या उंचीवर लावायचं, ९० सेंटीमीटर उंचीचं हिरवं झाड आणि त्यावर काढता-लावता येणारे २४ दागिने. १ डिसेंबरपासून मुलांनी रोज एक दागिना लावायचा, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी झाड भरतं.

फेल्टच का, असं बऱ्याच जणी विचारतात. फेल्ट विणलेलं नसतं, त्यातले तंतू एकमेकांत दाबून बसवलेले असतात. त्यामुळे कापल्यावर कडेचे धागे सुटत नाहीत आणि कड दुमडावी लागत नाही. जिला मशीन येत नाही, तिलाही काजटाक्यानं सुबक दागिना शिवता येतो. मात्र हे कापड टांगलं की हळूहळू ओघळतं, म्हणून झाडाला मागून मांजरपाटाचं अस्तर आणि वर काठीसाठी नेफा हवा. गरम इस्त्री तर अजिबात नको, कृत्रिम धाग्याचं फेल्ट आक्रसतं.

दागिन्यांना मणी, टिकल्या, बटणं काहीही लावायचं नाही. डोळेसुद्धा दोऱ्यानं भरायचे. खेळणी तपासताना साधारण ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात, तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. आम्ही सर्वांत लहान दागिना ६ सेंटीमीटरचा ठेवला आहे. वेल्क्रोची खरखरीत बाजू दागिन्याला आणि मऊ बाजू झाडाला, दोन्ही चारही कडांनी शिवून. चिकटपट्टीचा वेल्क्रो कृपया आणू नका. मुलं तो नखानं उचकटतात, शिवाय त्याचा डिंक मशीनच्या सुईला बसतो.

तारा, घंटा, मेणबत्ती, गोठ्यातलं मेंढरू आणि गाढव तर आहेतच. त्यांच्या जोडीला आपल्या इथली केळ्याची फणी, विड्याचं पान, सोनचाफा, होडी आणि पापलेटही आहेत. नमुन्याचं पहिलं झाड आम्ही एका बालवाडीत लावून पाहिलं. एका मुलानं सगळे तारे एकाच फांदीवर दाटीवाटीनं बसवले. दुसरीला केळ्याची फणीच हवी होती. ती काढायची, वेल्क्रो चर्रकन वाजला की हसायची आणि पुन्हा लावायची, कितीतरी वेळ. शेवटी फणी तोंडात गेली. ती आम्ही गार पाण्यात धुऊन वाळवली, काही झालं नाही.

नाताळच्या झाडाच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक १६०५ सालची, स्ट्रासबुर्ग शहरातली आहे. त्या झाडांवर कागदाचे गुलाब, सफरचंदं आणि साखरेचे पदार्थ टांगलेले होते. काचेचे गोळे फार नंतर आले. त्या जुन्या झाडांवर फुटणारी काच नव्हती, हे वाचून आम्हाला फार बरं वाटलं.

आता आपल्याकडून काय हवं ते सांगते. यंदा आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा चार रविवारांचा काळ, २९ नोव्हेंबर २०२६ रोजी सुरू होतो, त्याआधी झाडं पोचायला हवीत. एकूण ३६० दागिने आहेत, आणि ते मंडळाच्या मोजक्या हातांनी होणार नाहीत. ३ ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर दर शनिवारी दुपारी ३ ते ६ चर्चच्या सभागृहात या. ७ नोव्हेंबरला दिवाळीमुळे सुट्टी आहे, कारण शेजारच्या आळीतल्या हिंदू भगिनीही शिवायला बसणार आहेत. टाका येत नसेल तर शिकवू. डोळ्यांनी सुई दिसत नाही म्हणणाऱ्या आज्यांनी तर नक्की यावं. दागिन्यांत कापूस भरायला आणि तयार दागिना ओढून-ताणून बघायला मुरलेले हातच लागतात. पुरुष मंडळींनी ७५ सेंटीमीटरच्या, तासून गुळगुळीत केलेल्या १५ बांबूच्या काठ्या द्याव्यात.

एका झाडाला साधारण ६०० रुपये खर्च येतो, म्हणजे सगळे मिळून ९,००० रुपये. कुणी एक झाड उचलावं, कुणी चौघांत मिळून एक. रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधली उपासना झाल्यावर, चर्चच्या दाराशी आमच्या भगिनी पावतीपुस्तक घेऊन असतील. पैशांऐवजी कापड द्यायचं असेल तर हिरवं फेल्ट १५ मीटर लागणार आहे, बाकी रंगांचे तुकडेही चालतील. मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांनी क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या गल्ल्यांत एक फेरी मारली तर आमची एक खेप वाचेल. घरात जपून ठेवलेलं आजीचं लाल लुगडं असेल आणि द्यावंसं वाटलं, तर त्याच्या काठाची पट्टी आम्ही झाडाच्या पायथ्याशी लावू.

येताना कात्री आपली आणा आणि तिला ओळखीची चिंधी बांधा. सुया मंडळ देईल. त्या सुरुवातीला मोजून देऊ आणि सहा वाजता मोजून परत घेऊ. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत त्या दिवशीचा एकही दागिना सभागृहाबाहेर जाणार नाही.

आपल्या भगिनी,
महिला मंडळ, वसई