डँपर बदलून झाला, आता गाडीखाली शिर

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, फोनवर सांगायला गेलो तर निम्मं राहून जाईल म्हणून सरळ लिहायलाच बसलो. पुढचं एक चाक पुलाच्या जॉइंटवर आपटलं, मग स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं गदागदा हलायला लागलं, गाडी जवळजवळ थांबली तेव्हा कुठे शांत झालं, आणि परत निघालास तर काही झालंच नाही अशी चालली. एवढं वाचल्यावर अजून काही विचारायची गरजच नाही, हा डेथ वॉबलच, म्हणजे पुढची चाकं जोरजोरात डावीउजवीकडे हलत राहणं. बॅलन्सिंगची थरथर वेगळी असते रे, ती गुळगुळीत रस्त्यावरही ठराविक स्पीडला येते आणि स्पीड कमीजास्त केला की विरते. हे प्रकरण धक्क्याने सुरू होतं आणि एकदा पेटलं की स्पीड पाडल्याशिवाय जात नाही.

आधी जिवाचं बोलू. परत झालंच तर ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची पण प्रत्येक झटक्याला उलटा झटका द्यायच्या भानगडीत पडायचं नाही, बेताने ब्रेक लावत कडेला यायचं. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, एखादा झटका अंगठा मोडू शकतो. स्पीड वाढवला की निघून जातं असं सांगणारे महाभाग भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार कर. आणि कारण सापडेपर्यंत गाडी हायवेला काढू नकोस, ह्यात मी काही ऐकून घेणार नाही.

आता तुझ्या मेकॅनिकने नवा स्टिअरिंग डँपर टाकला आणि थोडे दिवस बरं वाटलं, ते वाटणारच. पण हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डँपर म्हणजे आडवा बसवलेला शॉकअप, तो हलणं दाबतो, हलायचं कारण काढत नाही. खालचा ढिला सांधा तसाच घासत राहतो आणि एक दिवस नव्या डँपरलाही आवरत नाही. तू म्हणशील मग 2018-19 च्या जीप रँग्लरना 2019 मध्ये अमेरिकेत कंपनीनेच नवे डँपर का बदलून दिले? दिले, खरंय, पण त्या गाड्या नव्याकोऱ्या होत्या. तुझी लिफ्ट केलेली (सस्पेन्शन उंच केलेली), मोठे टायर टाकलेली आणि दगडधोंड्यात मनसोक्त आपटलेली, तिला तो न्याय लावू नकोस. पुढचं सगळं घट्ट असलेली गाडी डँपर काढला तरी अशी थयथयाट करत नाही. (काढून चालवून बघ असं म्हणत नाहीये, तुझा स्वभाव माहितीये म्हणून आधीच सांगतो.)

हे होतं कसं ते एकदा डोक्यात बसलं की शोधणं सोपं जातं. तुझ्या गाडीला पुढे सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याला. डावं चाक धक्क्याने वर उचललं गेलं की अख्खा ॲक्सल तिरपा होतो, आणि वेगात फिरणारं चाक असं तिरपं केलं की ते स्वतःहून वळायला बघतं. टाय रॉडमुळे (दोन्ही चाकांचं वळणं जोडणारी सळई) दुसरं चाकही त्याच्याबरोबर वळतं, मग कास्टरमुळे (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा झुकाव) दोन्ही सरळ व्हायला येतात पण थांबत नाहीत, पलीकडे जातात, तिथून परत. सामानाच्या ट्रॉलीचं एखादं चाक जोरात ढकलल्यावर फडफडतं ना, तेच, फक्त टनभराहून जड गाडीचं. सगळे सांधे टाइट असतील तर एकदोन झोल्यांत मरतं. कुठे प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर प्रत्येक झोल्याला मोकळी जागा मिळते आणि लागणारी ताकद गाडीच्या वेगातूनच येत राहते. धक्का फक्त काडी लावतो, खरं काम ढिलेपणाचं. म्हणून नुसतं बॅलन्सिंग केलं की वॉबल लपतो, जात नाही.

आणि सगळ्यात जास्त वेळा ढिला निघतो तो ट्रॅक बार, काही जण त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. एक टोक चॅसिसला, दुसरं ॲक्सलला, आणि कॉइल स्प्रिंगवर बसलेला ॲक्सल डावीउजवीकडे सरकू नये ही मुख्यतः त्या एकट्याची जबाबदारी. तो ढिला असेल तर ॲक्सल आडवा सरकतो, पण स्टिअरिंग बॉक्स तर चॅसिसला आहे, त्यामुळे ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) त्या सरकण्याने चाकं वळवते. तू स्टिअरिंग हलवलेलंच नाहीस आणि चाकं वळतायत, विचार कर.

माझ्या गाडीला झालं तेव्हा वर्कशॉपने टाय रॉड एंड (त्या सळईच्या टोकांचे बॉल सांधे) बदलले, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंटचा कागद हातात ठेवला आणि गाडी ओके म्हणून सोडली. दुखणं तसंच. शेवटी मी टॉर्च घेऊन खाली झोपलो आणि घरच्यांना स्टिअरिंगवर बसवलं. ट्रॅक बारचा ॲक्सलकडचा बोल्ट बघितला तर वॉशरच्या भोवती रंग उडून चकचकीत कडं पडलेलं आणि त्याच्या खाली बारीक लालसर भुकटी, लोखंड लोखंडावर घासून पडते तशी. पाना लावला तर बोल्ट टाइट! पण स्टिअरिंग हलवलं की ब्रॅकेटच्या भोकात बोल्ट केसभर इकडून तिकडे जायचा. भोक गोल राहिलंच नव्हतं, अंडाकृती झालेलं. त्यात नुसता नवा बोल्ट टाकून उपयोग नव्हता. भोक नीट करून बाहेरून मापाच्या भोकाचा जाड पत्रा वेल्ड करून घेतला, नवा ग्रेडचा बोल्ट टाकला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तर तूही हेच कर. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, जॅक नको, कारण वजन असतानाच प्ले नीट दिसतो. हँडब्रेक ओढ, मागच्या चाकांना दगड लाव, गिअर न्यूट्रलला. इंजिन चालू म्हणजे पॉवर स्टिअरिंगची ताकद मिळते. कोणीतरी स्टिअरिंग थोडंसंच डावीउजवीकडे सारखं हलवत राहायचं, आणि तू खाली एकेका सांध्याकडे टक लावून बघायचं, घाई नाही. डोळ्याला दिसलं नाही तर सांध्यावर बोट ठेव, टकटक बोटाला कळते (बोट चिमटेल अशा जागी नाही, फॅन-बेल्टपासून लांब). ट्रॅक बारच्या दोन्ही टोकांना बुशमधलं (सांध्यात बसवलेल्या कड्यातलं) रबर थोडं दबणं ठीक, पण बोल्ट ब्रॅकेटमध्ये सरकता कामा नये. टाय रॉड स्वतःभोवती थोडा गोल फिरतो तेही नॉर्मल, त्यावरून कोणी तुला नवे एंड विकू नये. बॉल सॉकेटमध्ये वरखाली किंवा आडवा खटकत असेल तर मात्र तो गेलाच. जाता जाता स्टिअरिंग बॉक्सचे चॅसिसवरचे बोल्टही बघ, आणि तिथे चॅसिसला बारीक क्रॅक नाही ना तेही.

मग ॲक्सलखाली जॅक आणि स्टँड लावून चाक उचल. वर-खाली पकडून हलव, खटकलं तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांग: खटकणं गेलं तर बहुतेक व्हील बेअरिंग, तसंच राहिलं तर बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो सांधा), किंवा जुनी गाडी असेल तर किंगपिन. बॉल जॉइंटसाठी टायरखाली पहार घालून उचलूनही बघ, वजन काढल्यावर लपलेला प्ले तेव्हा दिसतो. कंट्रोल आर्मचे (ॲक्सलला पुढेमागे सरकू न देणारे दांडे) बुश फाटलेले असतील तर ते नुसत्या नजरेनेही कळतात.

ट्रॅक बार परत बसवताना एक गोष्ट बरेच जण चुकवतात. बोल्टचं शेवटचं टाइटिंग गाडी चाकांवर उभी असतानाच करायचं, हवेत लटकत असताना टाइट केलं तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. आणि टॉर्क रेंचनेच, अंदाजपंचे नाही. रँग्लरच्या जेके मॉडेलला पुढच्या ट्रॅक बारला 125 फूट-पाउंड म्हणजे साधारण 170 न्यूटन-मीटर टॉर्क आहे, तुझ्या गाडीचा आकडा तिच्याच मॅन्युअलमधून घे. दोनेकशे किलोमीटर चालवल्यावर परत एकदा चेक कर.

सांधे सगळे पक्के झाल्यावरच अलाइनमेंट, त्याआधी करणं म्हणजे पैसे पाण्यात. लिफ्टमुळे ॲक्सल पुढे झुकतो आणि कास्टर कमी होतो, मग गाडी रस्त्यावर भरकटते, स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. तुझ्या लिफ्टबरोबर ॲडजस्टेबल (लांबी बदलता येणारे) कंट्रोल आर्म टाकलेत का ते कळव. पण उगाच जास्त कास्टरही घेऊ नकोस, त्यानेही वॉबलला बळ मिळू शकतं. टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं) अगदी थोडा, आणि टायरमध्ये हवा ठासून भरू नकोस. आणि हो, बॅलन्सिंगला जायच्या आधी रिम आतून धुऊन घे, चिखलाचा वाळलेला गोळा आत चिकटलेला असतो आणि त्याच्यासकट वजनं लावून देतात, मग गोळा पडला की परत थरथर चालू.

रविवारी कोणाला तरी पकडून स्टिअरिंगवर बसव आणि खालून ट्रॅक बारच्या दोन्ही टोकांचा जवळून व्हिडिओ काढून पाठव, टॉर्च बाजूने मार म्हणजे कडं पडलंय का ते दिसेल. बघितल्याशिवाय कुठलाही पार्ट मागवू नकोस.

तुझाच मित्र