पंपावर बोर्ड बसवण्याआधी इंटरप्टमधली रजिस्टरे तपासा

संपादक महोदय,

विदर्भातल्या तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत पंप कंट्रोलर, ठिबकचे पाणी मोजणारे मीटर असे प्रकल्प होतात. त्यातले काही पुढे खरोखरच विहिरीवरच्या पेटीत बसतात आणि रात्रपाळीच्या विजेवर, जवळ कोणी नसताना चालतात. इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून आधी दुसरे छोटे काम करायला लावणारा इशारा. त्या वेळी रजिस्टरे (प्रोसेसरच्या आतल्या, चालू आकडे ठेवण्याच्या छोट्या जागा) नीट जपली गेली नाहीत, तर चूक टेबलावर दिसत नाही. एखाद्या रात्री नेमक्या क्षणी तुलना चुकते आणि विहीर आटली तरी मोटर बंद होत नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत या तपासणीला जागा मिळावी, यासाठी हे पत्र.

इंटरप्ट फंक्शन ज्या रजिस्टरांना हात लावणार, ती आधी स्टॅकवर (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यावर) ठेवणे (पुश) आणि शेवटी परत भरणे (पॉप) हे कंपायलरचे, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम. एव्हीआर या (बऱ्याच आर्डुइनो बोर्डांवरच्या) मायक्रोकंट्रोलर कुटुंबासाठी जीसीसी या मोफत कंपायलरच्या ७ व्या आवृत्तीपर्यंत आर०, आर१ ही रजिस्टरे आणि एसरेग (तुलना-बेरजेचे फ्लॅग ठेवणारे स्थिती-रजिस्टर) सरसकट जपले जात. फंक्शनमध्ये पिन पालटणारी एकच सूचना असली, तरी १५ क्लॉक सायकल आणि स्टॅकचे ३ बाइट खर्च होत. जीसीसी ८ पासून, बिनयुटिल्स (असेंब्लर, ऑब्जडंप अशा साधनांचा संच) २.२९ किंवा त्यापुढचे असेल तर, हा निर्णय असेंब्लर (असेंब्ली सूचनांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) घेतो. तो प्रत्यक्ष सूचना वाचून लागेल तेवढेच जपतो. -ओ० आणि -ओजी वगळता सर्व ऑप्टिमायझेशन पातळ्यांवर हे आपोआप चालू असते. आर्डुइनोसोबत मात्र बराच काळ ७.३.० हाच कंपायलर येत आला आहे, म्हणून आधी आवृत्ती पाहावी.

इथेच पहिली फसगत होते. -एस देऊन काढलेल्या असेंब्ली फाइलीत पुश मोजले, तर नव्या कंपायलरमध्ये आकडा चुकतो. तिथे पुशच्या जागी ‘__जीसीसी_आयएसआर’ ही नुसती खूण असते. खरे चित्र एव्हीआर-ऑब्जडंप -डी हे यंत्रसूचना वाचून दाखवणारे साधन चालवून तयार ऑब्जेक्ट फाइलीतच दिसते. एकदा नेहमीप्रमाणे आणि एकदा ‘-एमनो-गॅस-आयएसआर-प्रोलॉग्ज’ (नवी पद्धत बंद करणारा पर्याय) देऊन दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात.

इंटरप्टमधून दुसऱ्या फाइलीतले फंक्शन बोलावले की ही सारी बचत जाते. ते फंक्शन काय वापरेल हे कंपायलरला दिसत नाही, म्हणून आर१८ ते आर२७, आर३० आणि आर३१ अशी आणखी १२ रजिस्टरे जपावी लागतात. एका पुशला २ आणि एका पॉपला २ सायकल, म्हणजे या १२ रजिस्टरांचे ४८ आणि आधीचे १५ मिळून एकूण ६३. १६ मेगाहर्ट्झवर जवळपास ४ मायक्रोसेकंद. ४५० पल्स प्रति लिटरच्या फ्लो सेन्सरला मिनिटाला ३० लिटर पाण्यावर सेकंदाला २२५ इंटरप्ट येतात. तिथे वेळेची चिंता नको; स्टॅकची करा. आधीचे ३, या रजिस्टरांचे १२ आणि इंटरप्टच्या परतीच्या पत्त्याचे २ मिळून १७ बाइट लागतात आणि एटीटायनी१३ मध्ये एकूण रॅमच ६४ बाइट असते. ते फंक्शन त्याच फाइलीत स्टॅटिक ठेवले किंवा -एफएलटीओ (सगळ्या फाइली एकत्र पाहून ऑप्टिमायझेशन करण्याचा पर्याय) दिले, तर कंपायलर ते आत सामावून घेऊ शकतो. घेतले की नाही, तेही ऑब्जडंपमध्येच पाहावे.

रजिस्टरे बरोबर जपली जातात का, याची चाचणी असेंब्लीत लिहावी लागते. एटीमेगा३२८पी वर पीडी२ ही पिन आउटपुट करून खाली ठेवा, त्याच पिनचा आयएनटी० हा इंटरप्ट चढत्या कडेवर लावा, टायमरसकट बाकी सर्व इंटरप्ट बंद करा. मग ३२ रजिस्टरांत ३२ वेगवेगळे आकडे भरा. सगळीकडे एकच आकडा भरला, तर पॉपचा उलटसुलट क्रम कधीच पकडला जात नाही. थेट आकडा भरणारी एलडीआय सूचना फक्त आर१६ पासून पुढे चालते, त्यामुळे आर० ते आर१५ आणि एसरेग आर१६ मधून भरा आणि आर१६ चा स्वतःचा आकडा सर्वांत शेवटी. एसरेगला एकदा हेक्स एफएफ, एकदा हेक्स ८० द्या. पीडी२ एसबीआय या बिट १ करणाऱ्या सूचनेने वर करा, कारण ती सूचना ना रजिस्टर बदलते ना फ्लॅग. पुढे ८ एनओपी (काहीच न करणाऱ्या सूचना), मग एसटीएस या साठवणाऱ्या सूचनेने सगळी रजिस्टरे रॅममध्ये उतरवा, नंतर एसरेग आणि स्टॅक पॉइंटर.

आर१ मध्ये शून्य ठेवू नका. कंपायलर आर१ शून्यच धरून चालतो, पण गुणाकाराच्या एमयूएल सूचनेचे उत्तर आर१ आणि आर० मध्ये येते. नेमका तेव्हा इंटरप्ट आला, तर आर१ मध्ये भलताच आकडा असतो. इंटरप्टने तो जपला का, आणि आतली मोजणी बरोबर एकाने वाढली का, दोन्ही पाहायला हवे. ‘नेकेड’ फंक्शन (ज्यात कंपायलर स्वतः पुश-पॉप घालत नाही) लिहून हाताने पुश-पॉप वाचवणाऱ्यांच्या चुका बहुधा याच ठिकाणी सापडतात.

चाचणीचीही परीक्षा घ्यावी. एखाद्या रजिस्टराची पुश-पॉप जोडी मुद्दाम काढून टाका. चाचणी तरीही पास झाली, तर ती निकामी समजा. बोर्ड नसेल तर सिमएव्हीआर हा मोफत सिम्युलेटर साध्या लिनक्स संगणकावर इंटरनेटविना चालतो, त्यामुळे गावातल्या महाविद्यालयालाही खर्चाची अडचण नाही.

प्रकल्प अहवालात सर्किटच्या छायाचित्रासोबत इंटरप्ट फंक्शनची ऑब्जडंप यादी आणि चाचणीनंतरचे ३५ बाइट (३२ रजिस्टरे, एसरेग आणि स्टॅक पॉइंटरचे दोन) जोडणे शिक्षकांनी सक्तीचे करावे, अशी आमची विनंती आहे.

— मायक्रोकंट्रोलर शिकवणारे काही शिक्षक, मोर्शी, जि. अमरावती