हिवाळी टायर बसवल्यावरचा पिवळा दिवा

महोदय,

जर्मनीत नोकरीला निघालेल्या मराठी मुलामुलींविषयी आपल्याकडे वरचेवर छापून येतं. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पत्र लिहितो आहे.

इथे रस्त्यावर बर्फ असेल किंवा पाणी गोठलं असेल, तर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवता येत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह लागतंच. पहिल्या वर्षी आम्ही कुणाची तरी वापरलेली चार चाकं रिमसकट घेतली आणि एका गॅरेजात बसवून आणली. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली, तर डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकला आणि मग तसाच लागून राहिला. गॅरेजात विचारलं. "उन्हाळी चाकं परत लावलीत की जाईल," असं उत्तर मिळालं. आम्ही विश्वास ठेवला.

तीन आठवड्यांनी उल्मला जाताना, ए-आठ महामार्गाच्या डोंगराच्या चढणीवर गाडी मागून डोलायला लागली. कडेला घेऊन पाहिलं तर मागचं उजवं चाक जवळजवळ बसलेलं. इथल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, फेसाची बाटली आणि छोटा पंप असतो. टायरची बाजूच फाटल्यामुळे त्याचाही उपयोग नव्हता. चार वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही उणे तीन अंशांत कठड्यापलीकडे तासभर उभे होतो. दिवा आधीपासूनच लागलेला. खरोखर हवा गेली तेव्हा तो वेगळं काय सांगणार?

कारण नंतर दुसऱ्या गॅरेजातल्या एका वयस्क कारागिराने दाखवलं. आमच्या गाडीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हपाशी, हवा मोजणारा सेन्सर असतो. तो रेडिओ लहरींनी गाडीला दाब कळवतो. आम्ही घेतलेल्या चाकांत सेन्सरच नव्हते. दिवा आधी लुकलुकून मग स्थिर राहिला, तर यंत्रणेला सेन्सर सापडत नाही. सुरुवातीपासून स्थिर लागला, तर हवा कमी आहे. हा एवढा फरक आम्हाला कुणी सांगितला असता तर ती संध्याकाळ टळली असती. त्यांनी उन्हाळी चाकांतल्या सेन्सरचेच क्रमांक नव्या चार सेन्सरमध्ये उतरवले. आता चाकं बदलली तरी गाडीला पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही. मजुरीसकट २६० युरो लागले. स्वस्तात घेतलेली चाकं शेवटी स्वस्त पडली नाहीत.

युरोपात १ नोव्हेंबर २०१४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ही यंत्रणा सक्तीची आहे. मात्र पद्धती दोन आहेत. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कोल्हापूरच्या जोडप्याच्या गाडीत चाकात काहीच नाही. एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाकं किती फिरतात ते मोजतात आणि त्यावरून हवा कमी झाल्याचा अंदाज घेतात. तिथे चाकं बदलल्यावर हवा नीट भरायची आणि मेनूत जाऊन नवा दाब साठवायचा, एवढंच. आधी हवा, मग साठवणं. उलट केलं तर चुकीचा दाबच गाडी बरोबर धरून बसते.

पुढच्या हिवाळ्यात दिवा पुन्हा लागला, पण या वेळी स्थिर. वीस अंशांच्या उबदार गॅरेजात भरलेली हवा उणे पाच अंशांच्या पहाटे जवळजवळ पाव बारने (बार हे दाबाचं एकक) उतरते, आणि आमची आधीच थोडी कमी होती. गाडी चालवण्यापूर्वी, टायर गार असताना, दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिल्याइतकी भरली आणि दिवा गेला. चाकं बदलल्यानंतर एबीएस किंवा ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर मात्र हवा भरत बसू नका. चाकामागची वायर ओढली गेली असेल, सेन्सरवर घाण बसली असेल किंवा चाकांचे आकार जुळत नसतील. चाकं बसवणाऱ्याकडेच गाडी परत न्यावी. पन्नासेक किलोमीटरनंतर बोल्टही टॉर्क पान्ह्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्ह्याने) पुन्हा तपासून घ्यावेत.

इथे येणाऱ्यांच्या तयारीच्या वर्गांत भाषा शिकवतात, बँक आणि विमा समजावतात. त्यात या दिव्यासाठी अर्धा तास ठेवावा, अशी वर्ग चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आणि वापरलेली हिवाळी चाकं घेणाऱ्याने पैसे देण्याआधी विचारावं: आत सेन्सर आहेत का, आणि ते किती वर्षांचे? त्यांची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते.

– एक वाचक, श्टुटगार्ट (मूळचा सांगलीचा)